एका भांड्यातली माणसं

घरात जेवायला कोण कोण असतं, हा काय चारचौघांत विचारायचा प्रश्न झाला? पण पाटीएवढा फोन छातीशी धरून आलेल्या त्या सरकारी पोराने तो विचारला, तोही ऐन जेवणाच्या वेळी, आणि फालेसीच्या कामाचा सत्यानाश तिथेच झाला.

अंगणात तेव्हा सगळा गोतावळा होता. फालेसी, तिची मेलेली लेक लिनेस हिची तीन पोरं, कुंपणापलीकडे राहणारी धाकटी बहीण एनेलेसी, तिचा नवरा बिझिवेकी आणि त्यांची पिलावळ. बहिणींच्या चुली दोन, पण शिजलेलं सगळं एकाच चटईवर यायचं. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचे वाफाळते गोळे मध्ये, भोवती कालवणं. एनेलेसीकडून सुकी मासळी नाहीतर घेवडा, फालेसीकडून बहुतेक वेळा भोपळ्याचा पाला. कुणी किती आणलं हे कुणी बघत नसे. त्यांची आई होती तेव्हापासून असंच चाललं होतं आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

"आजी, एका भांड्यात जेवणारी माणसं किती तुमच्यात?" पोराने विचारलं. त्याचं नाव वाटिपासो. उत्तरेकडचा होता. बोलायला मऊ, पण इकडच्या रीतीभाती त्याच्या गावीही नव्हत्या.

आता याला काय सांगायचं? मी आणि माझी तीन नातवंडं एवढेच, असं? शेजारी बहीण बसलेली, तिच्या नवऱ्याचा हात न्सिमाच्या गोळ्याकडे निघालेला, आणि त्याच्यासमोर म्हणायचं की हा आमच्यातला नाही? गावात एकटा जेवणारा माणूस एकच, सिनोया म्हातारा. तो दार लावून जेवायचा. पोरं जाता-येता त्याच्या दाराला खडे मारायची आणि बाया त्याच्या सावलीतून लेकरू न्यायच्या नाहीत. जो दार लावून खातो त्याच्या ताटात काय असतं कुणाला ठाऊक, असं तिथे म्हणतात.

"मोज की!" फालेसी हात फिरवून म्हणाली. "ही सगळी माझीच. आमच्यात कुणी दार लावून जेवत नाही, बाबा."

बिझिवेकी खुशीत हसला. वाटिपासोने सगळ्यांना मोजलं. मग छप्पर कसलं विचारलं, आणि बघितलं ते एनेलेसीच्या घरावरच्या चकचकीत पत्र्याकडे. गाडी आहे का विचारलं. बिझिवेकीची मोटरसायकल समोरच उभी होती. तिच्यावर तो डेड्झाच्या बाजारापर्यंत माणसं नेऊन सोडायचा. शेळ्या? शेळ्या होत्या. त्याही बिझिवेकीच्या, पण मालकाच्या तोंडावर 'नाहीत' कसं म्हणायचं? फालेसीचं स्वतःचं घर मागे होतं, गवताचं, एका बाजूने बसलेलं. तिकडे त्या पोराची नजर गेली ती शेवटी, जाता जाता.

"हे स्वैपाकघर वाटतं?" तो म्हणाला आणि बोट आपटून मोकळा झाला.

पुढे गावच्या वडाखाली नावं वाचली, तेव्हा सरकारी मदतीच्या यादीत फालेसी नव्हती. सिनोया होता. घरात एकटा, कमावता हात नाही, छप्पर गवताचं. यंत्राने त्याला गावातला पहिल्या नंबरचा गरीब ठरवला होता. म्हाताऱ्याने आयुष्यात कुणाला मिठाचा खडा दिला नव्हता. तो काठी टेकत पुढे गेला आणि अंगठा उमटवून आला.

"आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय," फालेसी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं होतं माझी मोटरसायकल मिरवायला?" बिझिवेकी हळूच म्हणाला.

"मिरवली मी? तूच तिला पुसत बसला होतास! लग्नातल्या नवरीला एवढं पुसत नाहीत!"

भांडण हसण्यावारी गेलं, पण फालेसीला हसू येत नव्हतं. ही मदत तिला पाहिजे होती ती स्वतःच्या पोटासाठी नव्हे. पोटाचं काय, ते एनेलेसीच्या घेवड्यावर भरत होतं. पाहिजे होती ती तियोनेन्जीसाठी. लिनेसची ही थोरली, सातवीच्या परीक्षेत वर्गात पहिली आलेली. शाळेत जाणाऱ्या पोरांमागे त्या मदतीत वेगळी रक्कम मिळायची. ती नाही मिळाली, तर पोरीसाठी राजधानीतली, लिलोंग्वेची एक बाई टपलेलीच होती. ती फालेसीच्या मेलेल्या नवऱ्याच्या पुतण्याची बायको, बंगल्यात राहणारी. तिला घरात पोर सांभाळायला एक मुलगी हवी होती. 'इकडच्या चांगल्या शाळेत घालते' असा तिने निरोप धाडला होता. असल्या शाळा फालेसीने बघितल्या होत्या. मागे गावातली एक पोर अशीच गेली, आणि परत आली ती इस्त्री करायला शिकून आणि दिवस राहून. पण नाही म्हणायचं तर वह्या, गणवेश, परीक्षेची फी आणायची कुठून? पडून कंबर मोडल्यापासून फालेसीला कुदळ उचलत नव्हती. बिझिवेकीचं बिऱ्हाड मोठं, तो जेवण देत होता हेच खूप होतं.

म्हणून ती तक्रार करायला निघाली. तालुक्याच्या कचेरीत एका बाईने तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाने पहिल्या बाईकडे. कुणी म्हणालं नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणा, कुणी म्हणालं तो लागतच नाही. एकाने तर 'आजी, अंगावर चितेंजे चांगलं नेसलात की' म्हणून दात काढले. कचेरीत जायचं म्हणून फालेसी एनेलेसीचं नवं लुगडं नेसून गेली होती. भिकाऱ्यासारखं जायला तिला लाज वाटली होती आणि आता धड नेसल्याची लाज वाटत होती! शेवटी बाहेरच्या ओट्यावर वाटिपासो भेटला, तेव्हा तिने त्यालाच धरलं.

"मुला, ती मोटरसायकल माझी नाही. शेळ्या माझ्या नाहीत. ते पत्र्याचं घर बहिणीचं."

"पण आजी, तुम्हीच म्हणालात एका भांड्यात जेवतो."

"जेवतोच."

"मग घर एकच झालं."

"एक कसं? दोन चुली आहेत!"

"पण जेवता एकत्र."

"मग काय एकमेकांकडे पाठ करून जेवायचं?"

पोराने कपाळावरचा घाम पुसला. तोही वैतागला होता, पण वाईट नव्हता. "आजी, मी नियम केलेले नाहीत. तुमचं शिजवणं-खाणं वेगळं असेल, तर घर वेगळं धरता येतं. मी पुन्हा येतो तपासायला. पण तेव्हा मला वेगळं दिसलं पाहिजे. काय समजायचं ते समजा."

फालेसीला समजलं. घरी येऊन तिने एनेलेसीला सांगितलं, तेव्हा ती कपाळाला हात लावून हसतच सुटली.

"म्हणजे सरकारला दाखवायला आपण भांडायचं?"

"भांडायचं नाही. नुसतं वेगळं जेवायचं, तो येऊन जाईपर्यंत."

"त्यात काय! तू तिकडे, मी इकडे. रात्री पोरांच्या हातून वाटी पाठवीन गुपचूप."

"वाटी-बिटी काही पाठवू नकोस! गावातलं कुणी जाऊन सांगितलं तर? यादीत नसलेले किती टपलेत माहीत आहे ना?"

तर बहिणी वेगळ्या जेवू लागल्या आणि त्या दिवसापासून डोक्याला ताप झाला. पोरांना कळेना. एनेलेसीचा धाकटा सवयीने आपली थाळी घेऊन यायचा आणि फालेसीला त्याला हाकलायला लागायचं. हाकललं की तो भोकाड पसरायचा, ते सगळ्या आळीला ऐकू जायचं. विहिरीवर बायका एकदम गप्प होऊ लागल्या. एकीने फालेसीला कोपऱ्यात घेऊन विचारलंच, "काय झालं गं दोघींत? सख्ख्या बहिणी उगाच नाहीत चटई वेगळी करत." फालेसी म्हणाली, काही नाही. काही नाही म्हटल्यावर तर बायकांची खात्रीच पटली की काहीतरी भयंकर आहे.

मग जायलोसी मामा आले. आईचे भाऊ. तिकडे नवरे सगळेच घरजावई, शब्द चालतो तो मामाचा. काठी आपटत अंगणात बसले आणि म्हणाले, "मी जिवंत असताना माझ्या भाच्यांच्या चुली तुटल्या? बोला, कुणी कुणाला काय म्हटलं?"

त्यांना खरं सांगावंच लागलं. मामांनी काठी बाजूला ठेवली.

"म्हणजे गरिबी सिद्ध करायला आधी घर मोडायचं?"

"खोटंखोटं, मामा."

"माझ्या आजीच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा माणसं एका भांड्याभोवती बसली म्हणून जगली. आता यांचं सरकार म्हणतं, उठा, वेगळे बसा, मग देतो." ते उठले. "करा काय करायचं ते. मी कुणाला बोलणार नाही. पण फालेसी, हे हात दाखवून अवलक्षण आहे. लोकांच्या तोंडात एकदा पडलं की बाहेर काढता येत नाही."

वाटिपासो येणार म्हणाला त्या दिवशी आलाच नाही. नंतर एका दुपारी उगवला, सायकल पंक्चर झालेली, ती ढकलत, घामाने निथळत. तो आल्याचं बघून शेजारणी कामं टाकून जमल्या, कारण सरकारी माणूस कुणाच्या दारात येतो हे बघण्यासारखं असतं. फालेसीने नुकतीच न्सिमा वळली होती. सोबत भोपळ्याचा पाला, शेंगदाण्याचा कूट न घातलेला. तिला वाटलं, बरं झालं, बघू दे.

त्याने सगळं पुन्हा विचारलं. छप्पर? गवत. शेळ्या? नाहीत. मांस शेवटचं कधी खाल्लं? आठवत नाही. फालेसी या वेळी सावध होती, 'बाबा', 'मुला' काही न म्हणता मोजकी उत्तरं देत होती. शेजारणींची मान प्रत्येक उत्तराला हलत होती, आणि तिला मनातून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आपल्याकडे काय काय नाही हे लोकांसमोर ओरडून सांगायचं, आणि वर ते पटावं अशी आशा करायची!

"एका भांड्यात कोण जेवतं?"

"मी आणि तीन नातवंडं."

"बहीण?"

"तिचं वेगळं."

त्याने लिहिलं. आता उठणार, तर त्याची नजर न्सिमावर गेली आणि लगेच खाली वळली. सकाळपासून पोटात काही नसावं. फालेसीने ते बघितलं. दारात आलेला उपाशी माणूस, समोर उघडं भांडं. कितीही झालं तरी तिच्या तोंडून निघालंच, "ये, हात धू. जे आहे ते खा."

तियोनेन्जीने तांब्या आणून त्याच्या हातावर पाणी घातलं. तो बसला आणि नुसत्या पाल्याशी न्सिमा खाऊ लागला.

आता कुंपणापलीकडून एनेलेसी हे बघत होती. गेले कित्येक दिवस तिने सगळं सोसलं होतं. धाकट्याचं रडणं, विहिरीवरच्या नजरा, सगळं. पण आईच्या अंगणात सरकारी पाहुणा बसलाय आणि कोरडा पाला गिळतोय, हे काही तिच्याने बघवलं नाही. उद्या तो डेड्झात जाऊन सांगणार की त्या घरात मला असलं जेवायला घातलं! सकाळीच बिझिवेकीच्या भावासाठी तिने कोंबडी केली होती. तिने वाडगा भरला, वर झाकण ठेवलं आणि सरळ अंगणात आली. गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, रीतसर.

"पाहुण्याला हे वाढ गं आक्का," ती म्हणाली.

झाकण उघडलं. रश्शाचा वास सगळ्या अंगणात पसरला. वाटिपासोचा हात थांबला. त्याने वाडग्याकडे बघितलं, एनेलेसीकडे बघितलं, मग मांडीजवळच्या फोनकडे.

"ही तीच बहीण ना?" तो म्हणाला. "म्हणजे तुमच्याकडे जेवण तिकडून येतं तर."

फालेसीच्या डोक्यात नुसती आग झाली. एवढ्या दिवसांची मरमर, पोरांचं रडणं, स्वतःची अब्रू वेशीवर टांगून दिलेली उत्तरं, सगळं या मूर्ख बाईच्या एका वाडग्यात बुडालं होतं. तांब्या धरून उभ्या असलेल्या तियोनेन्जीचा चेहरा तिला दिसला. पोरीला सगळं कळत होतं. तिला लिलोंग्वे दिसत होतं.

"ने तो वाडगा!" फालेसी ओरडली. "तुझ्या हातचं मी खात नाही!"

एनेलेसीला आधी वाटलं, नाटक आहे. तिच्या ओठांच्या कडा हलल्यासुद्धा.

"का हो, आजी?" वाटिपासोने विचारलं. त्याला नियमापुरतं कारण पाहिजे होतं.

"का ते तिचं तिला ठाऊक आहे. तिच्या हातचं आमच्यात कुणी खात नाही आता."

एका शेजारणीने आपलं लेकरू ओढून जवळ घेतलं. दुसरीने तिसरीकडे बघितलं, आणि फालेसीला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. भरलेल्या ताटाला, तेही सख्ख्या बहिणीच्या, चारचौघांत हात लावायला नकार द्यायचा म्हणजे त्या गावात एकच गोष्ट सांगायची असते. या हाताने कुणाला तरी खाऊ घालून मारलंय, करणी केलीय, हेच. आणि लिनेस शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिला चमच्या-चमच्याने पेज भरवली होती ती एनेलेसीनेच. फालेसीचे हात तेव्हा थरथरायचे म्हणून.

बायकांना ते आठवत होतं. एनेलेसीलाही ते आठवलं असणार. तिने झाकण वाडग्यावर नीट बसवलं, उठली, आणि आली तशी गेली.

वाटिपासोला यातलं काही समजलं नाही. भांडण आहे एवढंच त्याने बघितलं. "बरं," तो म्हणाला आणि बोटाने लिहिलं, "चूल वेगळी. संबंध नाहीत." न्सिमा मात्र त्याने संपवली.

नंतर फालेसीने काय कमी सांगितलं? विहिरीवर सांगितलं, चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, घरोघर जाऊन सांगितलं, अगं ते खोटं होतं, सरकारला दाखवायला केलं, माझी एनेलेसी देवासारखी आहे. बायका ऐकून घ्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "हो हो, समजलं. तिला घाबरतेस ना आता?" आपलं खोटं लोकांनी एका क्षणात खरं मानलं, आणि खरं आता रक्त ओकून सांगितलं तरी पटत नव्हतं. मामा तिच्याशी बोलेनात. बिझिवेकी तेवढा जाताना मान हलवायचा, पण त्याच्या मोटरसायकलवर गावातल्या बाया बसेनाशा झाल्या होत्या.

फालेसी बहिणीच्या दारात जाऊन बसली, पाया पडली, शिव्या दिल्या, रडली. एनेलेसीने तिला पाणी दिलं. "तू मुद्दाम नाही बोललीस, मला माहीत आहे," एवढंच ती म्हणाली. "पण बोललीस."

यादी पुन्हा वाचली तेव्हा फालेसीचं नाव त्यात होतं.

लिलोंग्वेच्या बाईला नकार कळवला. तियोनेन्जीला नवा गणवेश आला, ती आठवीच्या वर्गात जाऊन बसली. उरलेल्या पैशांतून फालेसीने बाजारातून एक कोंबडी आणली. हट्टाने आणली. शेंगदाण्याचा भरपूर कूट घालून केली, सगळ्यात मोठा वाडगा काढला, त्यात मांड्या, काळीज, चांगलं चांगलं सगळं घातलं आणि तियोनेन्जीच्या हातात दिलं.

"एनेलेसीआजीकडे नेऊन दे. म्हणावं, आक्काने दिलंय. आणि धाकट्याला हाक मार इकडे जेवायला."

पोर गेली. फालेसी चटई अंथरून बसली, जुन्या जागी, अंगणाच्या मधोमध. दोन्ही बिऱ्हाडं मावतील अशी ऐसपैस अंथरली.

तियोनेन्जी परत आली तेव्हा वाडगा तसाच भरलेला होता. झाकण नीट बसवलेलं.

"घेतलं नाही?" फालेसी भडकली. "एवढा राग? एवढा!"

"रागावली नव्हती," तियोनेन्जी म्हणाली. "तिने उघडून वास घेतला. चांगली झालीय म्हणाली. मग म्हणाली, सरकारची माणसं न सांगता तपासायला येतात. कुणी बघितलं तर आजीचं नाव जाईल. माझी शाळा पुरी होईपर्यंत वेगळंच राहू दे, म्हणाली."

फालेसीने कुंपणाकडे बघितलं. पलीकडे एनेलेसीच्या चुलीचा धूर निघत होता. धाकटा कुंपणाच्या फटीतून इकडे बघत होता, आणि आतून कुणीतरी त्याला हाक मारली तसा गेला.

आपल्यावरच्या मायेने म्हणाली ही, की डूख धरून म्हणाली? फालेसीला कळेना आणि विचारायची सोय राहिली नव्हती. कोंबडीचा वास अंगणाबाहेर जात होता. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने मान वळवून बघितलं.

"आत चला," फालेसी पोरांना म्हणाली. तिने चटई गुंडाळली, वाडगा उचलला, पोरं आत आल्यावर दार लोटलं आणि कडी घातली.